जुनी गाडी घेताना : आमच्या घरातला गणिताचा तास



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या धड्यावर नाही. पण यात टक्केवारी आहे, सरासरी आहे, नफा-तोटा आहे आणि थोडं नागरिकशास्त्रही आहे. विषय आहे घरासाठी जुनी चारचाकी घेण्याचा. आपल्यातले कितीतरी जण सध्या याच विचारात असतील. पगार ठरलेला, घराचा हप्ता चालू, लेकरांची फी आणि घरात औषधपाणी. अशा वेळी गाडी घ्यायची तर ती जुनीच, आणि ती निवडताना एकेक रुपया मोजूनच.

परदेशात काही कुटुंबं गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर जुनं विकत घेतात. त्यात पलंग, शेगडी सगळं असतं. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण नांदेड-लातूरकडं चाकांवरचं घर म्हणजे सात सीटची व्हॅन. मागे सतरंजी, पाण्याचा जार, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि एका सीटवर दोन लेकरं! माहूर असो, तुळजापूर असो की औंढा नागनाथ, आपली यात्रा अशीच होते.

आम्ही घरात सहा माणसं. आम्ही दोघं, दोन लेकरं, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं वय ७७. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, तेव्हापासून उजवा पाय नीट उचलत नाही. महिन्यातून दोनदा त्यांना लोह्याहून नांदेडला दवाखान्यात न्यावं लागतं. नणंदबाई लातूरला असतात, तिकडंही वर्षातून तीनदा तरी जाणं होतं.

आधी गरज मोजा

तुम्ही म्हणाल, एसटी आहे की! खरं आहे. ७५ वर्षांपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीत मोफत प्रवास आहे. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे मामांचं तिकीट शून्य रुपये आणि सासूबाईंचं अर्धं. एवढं स्वस्त दुसरं काही नाही. पण एसटीची पायरी उंच असते. ज्याचा पाय उचलत नाही त्याला तिकीट फुकट असून काय उपयोग? म्हणून आम्ही भाड्याची गाडी करत होतो.

आता हिशोब बघा. नांदेडच्या एका फेरीचं भाडं १,४०० रुपये. वर्षाच्या २४ फेऱ्यांचे ३३,६०० रुपये. लातूरच्या तीन फेऱ्या, प्रत्येकी ४,००० प्रमाणे १२,००० रुपये. एकूण ४५,६०० रुपये.

स्वतःची गाडी असती तर? नांदेडच्या २४ फेऱ्यांचे १,६८० किलोमीटर आणि लातूरचे ६६० धरले तर २,३४० किलोमीटर होतात. लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १७,५०० रुपयांच्या आसपास पेट्रोल. विमा आणि पीयूसी ५,०००. दुरुस्ती १५,०००. शिवाय एक खर्च बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे गाडीची दरवर्षी उतरणारी किंमत. ती आम्ही २५,००० धरली. एकूण झाले ६२,५०० रुपये.

म्हणजे स्वतःची गाडी भाड्यापेक्षा वर्षाला जवळपास १७ हजारांनी महाग! हे आकडे मी वहीत लिहून काढले तेव्हा आमचे हे म्हणाले, "मग कशाला घ्यायची?"

प्रश्न बरोबर होता. पण वहीत एक आकडा यायचा राहिला होता. आधीच्या वर्षी मामांच्या २४ तारखांपैकी ५ तारखा चुकल्या होत्या. दरवेळी गाडी सांगायची वेळ आली की ते म्हणायचे, "आता बरं वाटायलंय. कामून उगं चौदाशे घालता?" त्यांना बरं वाटत नव्हतं. आपल्यापायी घरातले पैसे जातात, हे त्यांना सहन होत नव्हतं. दारात उभ्या असलेल्या गाडीचं भाडं कोणी मोजत नाही. त्या ५ तारखांसाठी वर्षाला १७ हजार द्यायचे का? आम्ही दोघांनी ठरवलं, द्यायचे. तुमच्या घरचं उत्तर वेगळं असू शकतं. पण आधी आकडे मांडा, मग ठरवा. नाहीतर हौसेलाच आपण गरज म्हणून बसतो.

कोणती गाडी?

सहा माणसं म्हणजे पर्याय थोडेच. कमी पैशात ओम्नी किंवा ईको. ओम्नी १९८४ पासून रस्त्यावर होती आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, कारण नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नव्हती. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं आणि समोर बोनेट जवळपास नाहीच. समोरून धडक बसली तर चालकाचे पाय आणि धडक यांच्यात फारसं काही उरत नाही. म्हणून आम्ही २०१० पासून आलेल्या ईकोकडं वळलो. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. चालकासाठीची एअरबॅग नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत ती सहसा नसतेच. त्यामुळं वेग साठ-पासष्टच्या वर न्यायचा नाही आणि सीटबेल्ट सगळ्यांनी लावायचा, हा नियम आम्ही गाडी घ्यायच्या आधीच घरात ठरवला.

पैशांचे दोन भाग करा

आमच्याकडं एकूण २ लाख रुपये होते. ते भिशीचे आणि साठवलेले, कर्ज काढायचं नाही असं ठरलेलं. पण २ लाखांची गाडी शोधायची नाही! जुनी गाडी घरी आणल्यावर लगेच खर्च मागते. आम्ही गाडीची किंमत जास्तीत जास्त १ लाख ६० हजार ठरवली आणि ४० हजार बाजूला ठेवले.

गाडी बघायला जाताना

सकाळी जा आणि इंजिन थंड असतानाच स्वतः चालू करून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल, तर सुरू होतानाचा त्रास लपतो. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रबरी चटई उचलून खालचा पत्रा गंजलाय का ते बघा. पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालंय आणि मीटर ३० हजार किलोमीटर दाखवतंय, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्या, त्याला त्याच्या कामाचे पैसे द्या. आम्ही ७०० दिले.

एक गाडी आम्ही बघितली. मालक म्हणाला, "मॅडम, फक्त घरगुती वापर आहे." मी मागची सीट उचलली. खाली पेन्सिलचे बारके तुकडे, शार्पनरचा भुगा आणि ओळखपत्राची एक तुटकी दोरी. असा कचरा रोज सायंकाळी माझ्या वर्गात निघतो, मला तो ओळखू येणार नाही का? गाडी शाळेच्या मुलांना ने-आण करत होती. त्यात वाईट काही नाही, पण मग चाललेली किलोमीटर वेगळी, ब्रेक आणि क्लचची झीज वेगळी, किंमतही वेगळी पाहिजे. आम्ही तिथून निघालो. जो माणूस एक गोष्ट लपवतो, तो दुसरीही लपवू शकतो.

दुसऱ्या गाडीनं मात्र घरात भांडण लावलं. उंच, चकचकीत, मोठ्या चाकांची. किंमत १ लाख ९० हजार. माझा मुलगा तिच्यातून उतरायलाच तयार नव्हता, आणि यांचाही जीव तिच्यात अडकला. विकणारा म्हणाला, "टीटीवर सही घेऊन ठेवा, नावावर कव्हाही करता येतंय." मी आरसी मागितली. आरसीवर त्याचं नाव नव्हतंच, तिसऱ्याच माणसाचं होतं. त्या दिवशी मुलगा जेवला नाही. रात्री मी त्याला वहीतलं पान दाखवलं आणि विचारलं, "१ लाख ९० हजार दिल्यावर टायरला किती उरतात?" तो म्हणाला, "१० हजार." "आणि विम्याला?" तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवला.

कागद म्हणजेच गाडी

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही घेऊन वर्षानुवर्षं गाडी चालवणारे लोक आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. कायदा काय म्हणतो ते बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यायची. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. ती गाडी हातोहात बऱ्याचदा विकली गेली होती, पण नाव पहिल्याचंच राहिलं होतं. तेव्हा विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं.

गाडीवर कर्ज होतं का, हे आरसीवरच लिहिलेलं असतं. कर्ज फिटलं तरी तो बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. जुने दंड एमपरिवहन ॲपवर बघता येतात. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळवून बघा. गॅस किट असेल तर त्याची नोंद आरसीवर पाहिजे. एमएच-२४ लातूरची गाडी एमएच-२६ नांदेडमध्ये आली तरी तिचा नंबर तोच राहतो. पण देगलूर किंवा उदगीरकडं सीमेपलीकडची गाडी स्वस्तात मिळते म्हणून धावू नका. तिला तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र, आपल्याकडचा कर आणि नवा नंबर, हे सगळं लागतं. ते धरून किंमत काढा.

विमाही आपल्या नावावर १४ दिवसांत करून घ्यायचा अर्ज द्यावा लागतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही.

शेवटी लातूरला एका निवृत्त गृहस्थांची २०१३ ची ईको मिळाली. १ लाख ५८ हजारांना ठरली. त्यांच्या आरसीवर बँकेचा बोजा तसाच होता. आम्ही फक्त ५ हजार इसार दिला आणि कागदावर लिहून घेतलं, की बोजा उतरल्यावरच बाकी रक्कम. त्यांना तीन आठवडे लागले. आम्ही थांबलो. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षं चालते, म्हणजे २०२८ मध्ये तपासणी करून पुढच्या ५ वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागणार, हेही वहीत लिहून ठेवलंय.

नंतरचा खर्च असा : टायर १२,८००, बॅटरी ३,८००, सर्व्हिसिंग आणि ब्रेक ७,४००, विमा ४,६००, नावावर करणं, नवी सुरक्षा नंबरप्लेट आणि पीयूसी मिळून ३,२००, मिस्त्री ७००. एकूण ३२,५०० रुपये. किमतीच्या वीस टक्क्यांहून थोडे जास्त! दोन लाखांतले साडेनऊ हजार उरले, ते पोस्टात आहेत. क्लच कधी ना कधी जाणारच.

वर्गात काय करता येईल?

पाचवीच्या वर्गात मी हाच हिशोब नावं न घेता फळ्यावर मांडला. मुलांनी घरच्या दुचाकीच्या, ट्रॅक्टरच्या टायरवरचे चार आकडे लिहून आणले आणि टायरचं वय काढलं. पेट्रोलची पावती आणि किलोमीटर यांवरून सरासरी काढली. "भाडं की स्वतःची गाडी" यावर दोन गट पाडून चर्चा घेतली. ज्या पोरानं भागाकाराला वर्षभर हात लावला नव्हता, त्यानं वडिलांच्या ऑटोचं ॲव्हरेज काढून आणलं!

पालकांना एकच विनंती. घरातले पैशांचे निर्णय लेकरांसमोर होऊ द्या. त्यांना "परवडत नाही" एवढंच सांगितलं तर ते रुसतात. आकडे दाखवले तर विचार करतात.

मामांच्या दवाखान्याच्या तारखांचं म्हणाल, तर गाडी आल्यापासून आठ महिन्यांत एकही चुकलेली नाही. मधल्या सीटवर खिडकीशी त्यांची जागा ठरलेली आहे. परतताना ते आता स्वतःच म्हणतात, "लोहा आलं का? चहा घेऊ मग."

आता तुमच्या घरची वही काढा. गाडी नसेल घ्यायची तर फ्रिजचा हिशोब मांडा, शिलाई मशीनचा मांडा. आणि पेन्सिल लेकराच्या हातात द्या.