सर बनी यास : एका दिवसाच्या सहलीचा बेत

अबूधाबीला राहतो म्हटलं की आपल्याकडची मंडळी दोन प्रश्न विचारतात. पहिला, दुबईपासून किती लांब? आणि दुसरा, सोनं स्वस्त आहे का? तिसरा प्रश्न आजवर फक्त आण्णांनी विचारला. "तिथं जनावरं कुठली असतात रे?"

आण्णा म्हणजे आमचे वडील. कर्जत तालुक्यातल्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली, जोडीला सहा एकर जिराईत. २०२३ च्या डिसेंबरात दोघांना साठ दिवसांच्या व्हिसावर इकडे आणलं. पहिले पंधरा दिवस मॉल, बुर्ज, मोठी मशीद वगैरे झालं. आई खूश. आण्णा मात्र मॉलमधल्या बाकावर बसून "चला आता" म्हणायचे. मला वाटलं, कंटाळलेत. खरं कारण लेकीच्या लक्षात आलं. "आजोबा जिन्यावर पाय टाकताना रेलिंग चाचपडतात," ती म्हणाली. इकडच्या डॉक्टरांना दाखवलं. काचबिंदू. बाजूचं दिसणं बरंच गेलेलं होतं. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून सांभाळायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. आण्णांना हे दोन वर्षांपासून ठाऊक होतं. "शेतात काय बघायचं असतं बारीक?" हे त्यांचं उत्तर.

त्या रात्री मी ठरवलं, सर बनी यासला जायचंच.

हे बेट मी बारा वर्षं लांबून पाहत होतो. आमच्या कंपनीची कामं रुवैसला असतात, दिवसाला आठ लाख पिंपांहून जास्त कच्चं तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेल्या तिथल्या प्रचंड रिफायनरीत. जवळच जबल धन्ना. तिथल्या किनाऱ्यावरून साधारण नऊ किलोमीटरवर समुद्रात डोंगर दिसतो, तेच सर बनी यास. गंमत म्हणजे जबल धन्ना आणि हे बेट दोन्ही मिठाचे घुमट आहेत, जमिनीखालचं मीठ वर ढकललं जाऊन झालेले. १५९० मध्ये गास्पारो बाल्बी नावाच्या व्हेनिसच्या जवाहिऱ्याने मोत्यांच्या बेटांच्या यादीत याचं नाव लिहून ठेवलंय. त्याच्याही आधी, सातव्या-आठव्या शतकात, इथे ख्रिस्ती मठ होता. त्याचे अवशेष १९९२ मध्ये सापडले.

पण बेटाची खरी ओळख आहे ती शेख झायेद यांच्यामुळे. अमिरातींचे हे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांनी १९७१ पासून इथे झाडं लावायला घेतली आणि प्राणी आणून सोडले. ८७ चौरस किलोमीटरचं बेट, नद्या नाहीत, पाऊस नावाला. आज निम्म्याच्या आसपास जागा वन्यप्राण्यांच्या कुंपणात आहे आणि दहा हजारांवर जनावरं तिथे फिरतात.

बेत आखताना मात्र अस्मादिकांची पार दमछाक झाली. उठावं, धक्क्यावर जावं, तिकीट काढावं, असं इथे चालत नाही. बेटावरच्या हॉटेलाकडे आधी नाव नोंदवावं लागतं, सगळ्यांच्या ओळखपत्रांसह. मुक्काम करायचा तर पाच माणसांचं बिल पाहून बायकोने लॅपटॉप बंदच केला. म्हणजे एका दिवसात जाऊन येणं आलं. आमच्या घरापासून जबल धन्ना साधारण २४० किलोमीटर. जाऊन-येऊन पुणे-नागपूरच्या दोन तृतीयांश अंतर, म्हाताऱ्या गुडघ्यांना घेऊन. त्यात हिवाळ्यात पहाटे त्या रस्त्यावर असं धुकं पडतं की वेगमर्यादा ताशी ८० वर आणतात. उशिरा निघावं तर सकाळची सफारी हुकते आणि दुपारी जनावरं सावलीला जाऊन बसतात.

शिवाय माझी ड्युटी. जानेवारीत एका युनिटचं शटडाऊन होतं. २०२२ पासून इथला वीकांत शनिवार-रविवार झालाय खरा, पण शटडाऊनला वार नसतो. आईची वेगळीच तऱ्हा. "बोटीत मला मळमळतं, तुम्हीच जा." तिला जेमतेम अर्ध्या तासाची बोट आहे हे पटवण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

आण्णांना वाटेत सारखं उतरावं लागतं, म्हणून मी पेट्रोलपंपांची यादी केली. तर्रीफ, मिर्फा, पुढे रुवैस. बायकोने दशम्या, शेंगदाण्याची चटणी असा गाडीतला फराळ ठरवला. सगळं जमलं आणि आदल्या संध्याकाळी फोन आला की वारा फार आहे, बोट सुटणार नाही. हा शमाल वारा, याच्यापुढे कोणाचं चालत नाही. पैसे दुसऱ्या तारखेला वळवून मिळाले, पण आण्णांच्या विमानाआधी एकच शनिवार उरला होता आणि त्या शनिवारी मला कामावर जायचं होतं. आमच्या टीममधला एक मल्याळी सहकारी म्हणाला, "फादर ना? मी येतो तुझ्याऐवजी." त्याने त्याच्या मुलाचा वाढदिवस पुढे ढकलला, हे मला नंतर कळलं. असो.

निघालो पहाटे साडेचारला. धुकं नव्हतं. बोटीत आई माझा दंड धरून डोळे मिटून बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "एवढंच होय?"

उघड्या जीपमधून सफारी असते, सोबत गाईड. आण्णांना मी गाईडच्या मागे, कडेला बसवलं. त्यांचा पहिला प्रश्न प्राण्यांबद्दल नव्हताच. "या झाडांना पाणी कुठलं?" समुद्राचं गोडं करून, नळ्यांनी मुळाशी थेंब थेंब सोडलेलं. आण्णांनी मान हलवली. "म्हणजे आपलं ठिबकच, फक्त विहीर खारट." गवत उगवण्यासारखं नाहीच, म्हणून चाराही बाहेरून घालावा लागतो हे ऐकून ते म्हणाले, "छावणीच की मग ही." दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला हे समजायला गाईड लागत नाही. किनाऱ्याकडे पवनचक्क्या फिरत होत्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या. आमच्यातला इंजिनियर त्या मोजत बसला. लेकीने माझी मान ओरिक्सकडे वळवली.

हे अरबी ओरिक्स पांढरेशुभ्र, सरळ लांब शिंगांचे. १९७२ मध्ये जंगलातला शेवटचा ओरिक्स मारला गेला. पण त्याच्या दहा वर्षं आधी काही जनावरं पकडून अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात वाढवली होती, १९८२ मध्ये ओमानने त्यांची पिल्लावळ पुन्हा वाळवंटात सोडली. आज या बेटावरच त्यांचा कळप शेकड्यांत आहे. आण्णांना मात्र तो दिसेना. पांढऱ्या वाळूवर पांढरं जनावर. ते "हो हो, छान आहे" म्हणत होते आणि भलतीकडेच पाहत होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

मग जिराफ दिसले. ते त्यांनी पाहिले, चांगले दोन मिनिटं. आणि पुढच्या वळणावर गाईड म्हणाला, "ब्लॅकबक."

काळवीट! मूळचं फक्त आपल्या उपखंडातलं जनावर, या बेटावर आणून सोडलेलं. आमच्या तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य १९८० पासून त्यांच्यासाठीच राखलेलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. साहजिकच काळवीट कुंपणाबाहेर येतात आणि आमच्या हरभऱ्यात घुसतात. लहानपणी आण्णांबरोबर रात्रीचा पत्र्याचा डबा वाजवत मी माचणावर बसलोय.

मी आण्णांची हनुवटी धरून हळूच डावीकडे वळवली. नर होता, काळा, पिळाच्या शिंगांचा, मागे पाच-सहा माद्या. जीप थांबल्यावर एक मादी जागच्या जागी उंच उडाली आणि तिच्यामागे सगळा कळप उड्या घेत निघाला.

"दिसलं," आण्णा म्हणाले. "हरणं आहेत आपली. उडी तीच." मग थोड्या वेळाने, "ज्यांना आयुष्यभर हाकललं त्यांना बघायला पोराने केवढे पैसे घातले!" आई इतकी हसली की गाईडने मागे वळून पाहिलं.

चित्तेही पाहिले, लांबून. फोटोंत सगळं आलंय.

परतीच्या वाटेवर मिर्फाच्या पंपावर कडक चहा घेतला. आण्णांनी माझा फोन मागून घेतला, धाकट्या भावाला लावून दे म्हणाले. मला वाटलं, हरणांचं सांगणार.

"हरभऱ्यावर राखणीला कोण आहे रे आज?" त्यांनी विचारलं.