दोन अहवालांमधील तीन तास

तुरीचा हंगाम ऐन भरात होता. बार्शीच्या आमच्या आडत दुकानात त्या दिवशी आवक एवढी झाली की शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहून संपेपर्यंत रात्रीचे आठ वाजले. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि बाजारात सारेच दादा म्हणतात, गादीवरून उठताना क्षणभर थांबले. छातीच्या मध्यभागी तळहात दाबून धरीत म्हणाले, "आज पित्त फार झालेले दिसते." घरी आल्यावर ओवा झाला, सोडा झाला. नऊच्या सुमारास मात्र डाव्या जबड्यात कळ येऊ लागली आणि जानेवारीच्या थंडीत त्यांचा सदरा पाठीला चिकटला. वहिनींनी कोणाचाही सल्ला न घेता गाडी बाहेर काढावयास लावली. पित्ताने असा घाम येत नाही, एवढेच त्या म्हणाल्या.

रुग्णालयात पोहोचताच ईसीजी निघाला. त्यात ठोस असे काही आढळले नाही. दहा वाजता रक्त घेतले गेले आणि तासाभरात ट्रोपोनिनचा अहवाल हाती आला. आकडा होता ११ आणि शेजारी छापलेली मर्यादा १४. मर्यादेच्या आतला आकडा पाहून मला जो आनंद झाला तो वर्णन करण्यापलीकडचा होता. दादांची वेदनाही एव्हाना उतरली होती. ते चपला शोधू लागले, कारण सकाळी एका मोठ्या खरेदीदाराशी सौदा ठरलेला होता.

तेवढ्यात रात्रपाळीचे तरुण डॉक्टर म्हणाले, "एक वाजता पुन्हा रक्त घेऊ. तोपर्यंत यांना येथेच राहू द्या."

दिवसभर भावात घासाघीस करणाऱ्या माणसाच्या कानाला एकच तपासणी दोनदा म्हणजे एकच पैसे दोनदा, असे ऐकू येते. मी तसे बोलूनही दाखवले. "डॉक्टर, एकदा नॉर्मल आले ना? मग तेच पुन्हा कशासाठी? बिलासाठी?" हे वाक्य लिहिताना आजही मला संकोच वाटतो. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "काका, आपण व्यापारी आहात ना? संध्याकाळी गल्ल्यात किती रोकड आहे एवढेच मोजून दिवसाची विक्री सांगता येईल का?"

सांगता येणार नाही. सकाळची शिल्लक ठाऊक असल्याखेरीज संध्याकाळची शिल्लक काहीच बोलत नाही, हे तर आमच्या मुनीमजींनी मला पंधराव्या वर्षी शिकवले होते.

पुढच्या दोन तासांत त्या डॉक्टरांनी सवडीने जे समजावले, आणि नंतर मी जे वाचून पडताळले, ते असे. ट्रोपोनिन हे स्नायूंच्या तंतूंमधील प्रथिन आहे. आकुंचन कधी व्हावे आणि कधी थांबावे याचे नियमन ते कॅल्शियमच्या साह्याने करते. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६०च्या दशकात ते शोधून काढले. त्याचे टी आणि आय हे दोन प्रकार हृदयाच्या स्नायूत इतर स्नायूंहून वेगळ्या रूपात असतात, म्हणून रक्तात ते वाढले की दुखापत हृदयालाच झाली आहे असे ओळखता येते. रक्तपुरवठा तुटून हृदयाच्या पेशी मरू लागल्या की हे प्रथिन बाहेर झिरपते. परंतु झिरपून रक्तात मोजण्याइतके साठावयास वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत हा आकडा चढलेला दिसण्यास वेदनेनंतर तीन ते सहा तास लागत. आताची अतिसंवेदनशील तपासणी पुष्कळ लवकर सुगावा देते, तरीही वेदना नुकतीच सुरू झालेली असेल तर तीही फसू शकते. म्हणून यंत्र आणि पद्धत पाहून एक, दोन किंवा तीन तासांनी दुसरा नमुना घेतात. एकदा वाढलेला आकडा मात्र आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ रक्तात रेंगाळतो. दुखणे अंगावर काढून चौथ्या दिवशी येणाऱ्या रुग्णाचाही माग त्यामुळे लागतो.

एक गोष्ट मला विशेष गमतीची वाटली. काविळीच्या वेळी घरोघरी ज्या एसजीओटीचा आकडा आपण वाचतो, तीच हृदयविकाराच्या झटक्याची पहिली रक्ततपासणी होती. १९५४मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ती पुढे आणली. पण यकृत बिघडले तरी ती वाढे, म्हणून पुढे सीपीके-एमबी आली. १९८९च्या सुमारास जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ह्यूगो काटुस यांनी ट्रोपोनिन टीची तपासणी सिद्ध केली आणि २०००मध्ये युरोप व अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी झटक्याच्या व्याख्येतच ट्रोपोनिनला मुख्य स्थान दिले.

एक वाजता रक्त घेतले. अहवाल आला तेव्हा दादांना झोप लागली होती. आकडा होता ६८.

त्यानंतरची धावपळ मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. जिभेवर ठेवलेली गोळी, पोटात टोचलेले इंजेक्शन, रुग्णवाहिकेत वहिनींनी घट्ट धरून ठेवलेला दादांचा हात, सोलापूर येण्याआधी उजाडू लागलेले आकाश. अँजिओग्राफीत एक मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली आढळली आणि तेथे स्टेंट बसवण्यात आला. अकरा वाजता मी त्यांना घरी नेले असते, तर दुसरा झटका कदाचित सौद्याच्या गादीवरच आला असता.

दुसरा प्रसंग उलट दिशेचा आहे. गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या आत्याबाईंना धाप लागली. भाच्याने अहवालाचे छायाचित्र पाठवले आणि आकडा ०.०५२ पाहून मी त्याला धीर दिला, "दादांचे तर ६८ होते!" माझे हे शहाणपण तासभरच टिकले. त्या अहवालातील माप नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर होते, दादांच्या अहवालातील नॅनोग्रॅम प्रति लिटर. एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना हजाराने गुणावे लागते. म्हणजे आत्याबाईंचा आकडा ५२ होता. क्विंटल आणि किलोत कधी गल्लत न करणारा मी येथे सपशेल चुकलो. मग साऱ्या घराचा धीर सुटला. परंतु दुसरा अहवाल ५१ आला, तिसरा ५३. आत्याबाईंचा मूत्रपिंडाचा विकार जुना आहे, आणि अशा रुग्णांत ट्रोपोनिन कायमच थोडे चढलेले राहू शकते. चढउतार नसल्याने ताजा झटका नव्हता. मात्र स्थिर राहिलेला चढा आकडाही निरुपद्रवी समजू नये, तो हृदयावरचा जुना ताण दाखवतो, असे तेथील डॉक्टरांनी बजावले आणि औषधे बदलून दिली. गंभीर जंतुसंसर्ग, फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा हृदयस्नायूचा दाह यांतही हा आकडा वाढतो. म्हणजे तो दुखापत झाली एवढे सांगतो. ती कशाने झाली ते ठरवण्यासाठी लक्षणे आणि ईसीजी लागतातच.

आपल्या बाजारात मी एक सवय पाहतो. छातीत दुखले की मंडळी शेजारच्या लॅबमध्ये रक्त देऊन अहवालाची वाट पाहत दुकानावर बसतात. कोणी तर आरोग्य शिबिरातील कोलेस्टेरॉलचा कागद काढून दाखवतो, जणू तो विम्याचा कागद आहे! कोलेस्टेरॉलवरून पुढच्या वर्षांचा धोका जोखतात, आज रात्री काय घडते आहे ते त्यातून कळत नाही. आणि ज्या झटक्यात ईसीजी स्पष्ट बोलतो, तेथे डॉक्टर रक्ताच्या अहवालासाठी थांबतसुद्धा नाहीत, थेट रक्तवाहिनी उघडण्याच्या मागे लागतात. म्हणून पहिली धाव लॅबकडे नव्हे, ईसीजीची आणि उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयाकडे हवी. ट्रोपोनिन दोन्ही वेळा नॉर्मल आले तरी रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत असा दाखला मिळत नाही. पेशी मरण्यापूर्वीची, नुसत्या कोंडलेल्या रक्ताची वेदना या तपासणीत दिसत नाही.

दादा आता सकाळी दहाला दुकानात येतात आणि सूर्यास्तापूर्वी घरी जातात. दोन्ही अहवाल त्यांनी एकाच फायलीत लावले असून प्रत्येकावर रक्त घेतल्याची वेळ लाल शाईने लिहिली आहे. त्या डॉक्टरांची मी पुढे भेट घेतली, माझ्या शब्दांबद्दल क्षमा मागितली. त्यांना ती रात्र आठवत होती, माझे वाक्य आठवत नव्हते, किंवा तसे ते म्हणाले.

मार्चअखेरीस वही तपासताना घरखर्चाच्या पानावर मुनीमजींच्या हातची त्या रात्रीची नोंद दिसली. तपासणी, दहा वाजता. तपासणी, एक वाजता. रक्कम दोन्ही ओळींत सारखीच होती.