गणेशखिंडीतला एक दिवस

पुण्यात विद्यापीठाजवळ गणेशखिंडीची जुनी बाग आहे. १८७३ साली ती वनस्पती उद्यान म्हणून सुरू झाली. आज तेथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. २०२० साली शासनाने या बागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. गेल्या आषाढात पुरंदर तालुक्यातील एका गावची चौदा माणसे घेऊन मी तेथे गेलो होतो.

ही मंडळी शाळेच्या आवारातली, स्मशानभूमीतली आणि गायरानाच्या कडेची झाडे राखतात. मजुरी नाही की मानधन नाही. चार वर्षांपूर्वी दारावर आलेल्या गाडीवाल्याकडून त्यांनी डाळिंबाची रोपे घेतली, शाळेत लावली आणि उन्हाळ्यात हंड्याने पाणी घालून जगवली. फळे धरली ती आंबटढाण. पोरे दाणे तोंडात घालतात नि थुंकून टाकतात.

"साहेब, आमचं काय चुकलं?" बागेत शिरताच एका आजींनी विचारले.

"तुमची मेहनत चुकली नाही, आजी. झाडाची आई कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं."

मग याच बागेची हकीकत त्यांना सांगितली. 'आळंदी' जातीच्या बियांच्या रोपांतून डॉ. चीमा यांनी १९३६ साली येथे एक डाळिंब निवडले, गोड आणि मऊ दाण्याचे. आधी त्याला जी.बी.जी.-१ म्हणत, १९७० मध्ये त्याचे नाव 'गणेश' झाले. पेरूची 'सरदार' म्हणजेच लखनौ-४९ ही जातही १९२७ साली येथेच बियांच्या रोपांतून निवडलेली. बी दर वेळी नवा डाव मांडते. अनेक रोपांत एखादेच सरस निघते. त्याचा गुण टिकवायचा तर कलमच हवे.

झुणका-भाकरी खाऊन मंडळी गुटी कलम शिकायला बसली. पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची अडीच-तीन सेंटिमीटर साल गोल काढायची, तेथे ओले शेवाळ लावून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट बांधायचा. पावसाळ्यात दीड-दोन महिन्यांत कागदाआडून मुळ्या दिसतात. मग कलम तोडून पिशवीत लावायचे.

बागेतली एकही फांदी कुणी मोडली नाही. पेरू-डाळिंबाची वीस कलमे रोपवाटिकेतून पैसे मोजून घेतली आणि पावतीवर जातीचे नाव लिहून घेतले.

परतीच्या एस.टी.त प्रश्न निघाला, जुन्या झाडांचे काय? कोणी म्हणाले, तोडा. आजी म्हणाल्या, "जगवलेलं झाड तोडायचं नाही. आंबट दाणे वाळवून अनारदाणा करू." बायकांनी ते उचलून धरले.

सासवड येईपर्यंत वहीत तीन रकाने आखून झाले होते: कलमाची जात, ते कोठून आणले, आणि पाणी कोणते घर घालणार. शेतकरी बंधू-भगिनींनो, रोप घेण्याआधी अशी वही आपल्याही घरी असू द्या. दुसरा रकाना कोरा राहत असेल, तर ते रोप स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.