कार्यालयाबाहेरचा बाक

स्मरणिकेत मुख्याध्यापकाने शाळेच्या यशाविषयी लिहावे, असा प्रघात आहे. मी मात्र माझ्या एका चुकीविषयी लिहीत आहे. कारण मुख्याध्यापकाचे काम मला त्या चुकीनेच शिकवले.

दिवाळीच्या सुमारास धाराशिव जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. आईबापांबरोबर गेलेली आमच्या निवासी शाळेतील काही मुले सुट्टी संपली तरी परतत नसत. परतली तरी कित्येक आठवडे उशिरा. पालकांना शिक्षणाची किंमत नाही, असे माझे ठाम मत होते. उशिरा आलेल्या मुलाला मी पालकांसह कार्यालयाबाहेरच्या बाकावर ताटकळत बसवीत असे.

पुढे एका प्रशिक्षणात कृतिसंशोधनासाठी विषय मागितला. मी ‘पालकांची उदासीनता’ असे लिहून दिले. मार्गदर्शकांनी कागद परत करून विचारले, “यात तुमची कृती कोणती?”

मी निरुत्तर झालो. शाळेत काम करणाऱ्यांनीच आपल्या कामाची पद्धतशीर तपासणी करून ते सुधारावे, हा विचार कोलंबिया विद्यापीठातील स्टीफन कोरे यांनी 1953 साली ग्रंथरूपाने मांडला. त्याच विद्यापीठात बाबासाहेबांना जॉन ड्युई गुरू लाभले होते. अनुभव तपासूनच ज्ञान मिळते, हा ड्युईंचा आग्रह होता. ही नावे मी भाषणांत अनेकदा घेतली होती. स्वतःला मात्र कधी तपासले नव्हते.

मी एक वही केली. उशिरा आलेल्या प्रत्येक मुलाशी माझे पहिले वाक्य कोणते होते, ते लिहू लागलो. प्रत्येक वाक्य प्रश्नाचे होते आणि प्रत्येक प्रश्नात आरोप होता. मग मुलांनाच कारण विचारले. सातवीतील एक मुलगी म्हणाली, “सर, बाबांना त्या बाकावर बसलेलं बघवत नाही. म्हणून मीच म्हटलं, कारखान्यावरच राहते.”

पुढच्या हंगामात बाक हलवला. आलेल्या मुलाला आधी जेवण, मग वर्ग; सुटलेले धडे सांगायला एक सोबती. पालकांशी बोलायचे ते टोळी निघण्यापूर्वी, त्यांच्या दारी जाऊन. मुले लवकर परतू लागली. सर्वच नव्हे, धाकट्या भावंडांना सांभाळणारे दुसरे कोणी नसते, ती आजही उशिरा येतात. तो प्रश्न माझ्या वहीने सुटलेला नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे त्या बाकावर बसले, त्यांची आणि त्यांच्या आईवडिलांची मी येथे मनःपूर्वक क्षमा मागतो.