बाल्टरला माफी, गेटाला नाही

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकेच्या चाहत्यांशी बोलू लागले की एक चमत्कारिक हिशेब ऐकू येतो. गायस बाल्टर हा शास्त्रज्ञ बारा वसाहतींच्या संहाराला कारणीभूत होतो, तरी तो सर्वांचा लाडका असतो. फीलिक्स गेटा हा लष्करी अधिकारी अखेरच्या पर्वात बंड करतो आणि त्याचे नाव काढताच कपाळावर आठ्या चढतात. एका पारड्यात अब्जावधी मृत्यू आणि दुसऱ्यात एक फसलेले बंड. तरी जड ठरते ते बंडच. या तराजूचा काटा असा का झुकतो, याविषयी आम्हां दोघांत बरीच वर्षे वाद चालू आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७८च्या एका जुन्या मालिकेची रोनाल्ड डी. मूर यांनी नव्याने मांडणी केली. डिसेंबर २००३ मध्ये लघुमालिका आली, पुढे चार पर्वे झाली आणि मार्च २००९ मध्ये कथा संपली. माणसांनीच घडवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसाचे रूप घेऊन परततात, वसाहती अण्वस्त्रांनी बेचिराख करतात, आणि उरलेली सुमारे पन्नास हजार माणसे जहाजांच्या ताफ्यातून पळत राहतात. किती जण शिल्लक आहेत तो आकडा शीर्षकाबरोबरच दाखवला जाई. मेलेल्यांची मोजदाद इतक्या काटेकोरपणे ठेवणाऱ्या मालिकेचे प्रेक्षक न्याय करताना मात्र आकडे विसरतात, ही गंमतच म्हणायची.

बाल्टर प्रेयसीवर भाळून तिला संरक्षणव्यवस्थेच्या संगणकजाळ्यात शिरू देतो. ती सायलॉन आहे हे त्याला ठाऊक नसते, एवढीच त्याची सबब. पुढे एका दुसऱ्या सायलॉन स्त्रीच्या हाती तो अण्वस्त्र देतो ते मात्र जाणूनबुजून, आणि ती ते ताफ्यातच उडवते. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर न्यू कॅप्रिका या ग्रहावर सायलॉन उतरतात तेव्हा तो शरणागती पत्करतो. जुन्या मालिकेतला बाल्टर उघड खलनायक होता. या बाल्टरला तसे म्हणायला कोणाचीही जीभ रेटत नाही, कारण कॅमेरा सुरुवातीपासून त्याच्या डोक्यात मुक्कामाला आहे. त्याच्या भोवती वावरणारी लाल झग्यातली स्त्री ताफ्यातल्या कोणाला दिसत नाही. त्याला दिसते आणि आपल्याला दिसते. त्याची घाबरगुंडी, त्याची लटकी आर्जवे, खोटे बोलताना त्याला फुटणारा घाम, हे सारे जेम्स कॅलिस या नटाने असे काही रंगवले आहे की आपण हसत राहतो. ज्याला पाहून हसू येते त्याच्यावर रागावणे कठीण असते.

गेटा नियंत्रणकक्षात उभा राहून आकडे सांगतो. तीन पर्वे त्याचे काम बहुतेक एवढेच. २००६ मधल्या भागांत लॉरा रॉझलिन ही राष्ट्राध्यक्ष बाल्टरविरुद्धची निवडणूक हरते आहे असे दिसताच तिची माणसे खोट्या मतपत्रिका घुसडतात. तो घोटाळा गेटाच्या नजरेस येतो आणि तो वरिष्ठांना सांगतो. परिणामी बाल्टर निवडून येतो, न्यू कॅप्रिकावर वस्ती होते आणि मागोमाग सायलॉनांचा ताबा. त्या राजवटीत गेटा बाल्टरच्या कार्यालयात राहून प्रतिकारकांना गुपचूप बातम्या पुरवतो. सुटका झाल्यावर हेच प्रतिकारक त्याला फितूर ठरवून हवाबंद दारातून अंतराळात फेकायला निघतात, आणि एका खुणेच्या उल्लेखाने तो शेवटच्या क्षणी वाचतो. पुढे बाल्टरच्या खटल्यात तो खोटी साक्ष देतो. एक पाय गमावतो. शेवटी नौदलप्रमुख अडामा सायलॉनांच्याच एका गटाशी युती करतो तेव्हा तो बंड पुकारतो.

आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांच्या एका लहानशा गटासह ही मालिका पुन्हा पाहिली तेव्हा एका विद्यार्थिनीने निवडणुकीच्या भागावर ठामपणे सांगितले, "रॉझलिनबाईंनी केलं ते योग्यच होतं, सर. गेटानं गप्प बसायला हवं होतं." बहुतेकांनी माना डोलावल्या. मतपेटीत हात घालणारी क्षम्य आणि तो हात पकडणारा अक्षम्य! रॉझलिनचा बाल्टरविषयीचा संशय खरा होता हे प्रेक्षकाला ठाऊक असते, गेटाला नसते. प्रेक्षक आपल्याजवळची माहिती गेटाच्या माथी मारतो आणि ती नसल्याबद्दल त्यालाच दोषी धरतो.

याच गटात दोघे-तिघे असे होते की ज्यांचा निवाडा वेगळा पडला. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांनी 'द फेस ऑफ द एनिमी' हे दहा छोटे पूरक भाग पाहिले होते. बंडाच्या कथेच्या तोंडावर, डिसेंबर २००८ ते जानेवारी २००९ या काळात आलेल्या या भागांत गेटा एका भरकटलेल्या यानात अडकतो. न्यू कॅप्रिकावर असताना सुटकेसाठी म्हणून त्याने कैद्यांची नावे एका सायलॉन स्त्रीला दिली होती आणि त्या नावांची माणसे मारली गेली, हे त्याला तिथे उमगते. ज्यांनी हे पाहिले ते बंडाच्या वेळी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ज्यांनी पाहिले नाही ते अडामाच्या.

'सदोष पात्र' ही संज्ञाही इथे घोटाळा करते. मराठीत दोष आणि अपराध यांत अंतर आहे. सॉल टाय दारुडा आहे, हा दोष. तो माणसांच्याच गर्दीत आत्मघाती स्फोट घडवायला माणसे धाडतो, त्याला काय म्हणायचे? चाहते दोन्हींना एकाच दमात त्याचे 'माणूसपण' म्हणतात. तो बायकोला आपल्या हाताने विष पाजतो तो प्रसंग इतका हृदयद्रावक आहे की त्या अश्रूंत ते स्फोटही धुऊन निघतात.

मालिकेला हे ठाऊक होते. मार्च २००७ मध्ये दाखवलेल्या खटल्यात ली अडामा साक्षीच्या पिंजऱ्यातून क्षमा झालेल्यांची जंत्रीच वाचतो, स्वतःच्या बापालाही सोडत नाही आणि स्वतःलाही. एवढ्या सगळ्यांना सोडले, मग या एकालाच का धरता, हा त्याचा सवाल. बाल्टर तीन विरुद्ध दोन मतांनी सुटतो. आमच्या मते मालिकेतला हा सर्वोत्तम युक्तिवाद आहे. दोन वर्षांनी गेटाच्या वेळी तो करायला कोणीही उभे राहत नाही.

आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की यात प्रेक्षकांचे काही चुकत नाही: कलाकृतीत जे दाखवले तेवढेच असते, ज्याचे मन दाखवले त्याच्याशीच नाते जुळणार. दुसऱ्याला हे पटत नाही. वर्षानुवर्षे आपण वर्गात 'पात्राच्या जागी उभे राहा' असे सांगत आलो. पण ती जागा लेखकाने ज्यांना दिली त्यांच्यापुरतीच सहानुभूती राहणार असेल, तर दारात ताटकळणाऱ्या पात्रांकडे कोण पाहणार? स्वभावचित्राच्या प्रश्नाला उत्तरपत्रिकेत नायकाचे दोषही गुणांसारखे लिहिलेले आढळतात आणि दुय्यम पात्राला 'स्वार्थी' या एका शब्दात निकालात काढलेले असते. आम्ही त्यालाही गुण देतो. या मुद्द्यावर आमचे एकमत अद्याप झालेले नाही.

गेटाला मृत्युदंड होतो. त्याआधी त्याला भेटायला बाल्टर येतो. दोघे कॉफी घेत बसतात. लहानपणी आपल्याला वास्तुविशारद व्हायचे होते, खाद्यपदार्थांच्या आकाराची उपाहारगृहे बांधायची होती, असे काहीबाही गेटा सांगत राहतो, आणि आपण कोण होतो ते लोकांना कधीतरी कळेल अशी आशा बोलून दाखवतो. मला ठाऊक आहे, असे बाल्टर म्हणतो. मग बंदुका रोखल्या जातात. कापलेला पाय महिनोन्‌महिने खाजत असे, ती खाज थांबल्याचे गेटाच्या लक्षात येते.