डुगडुगती होडी



शर्यतीची कयाक कधी पाहिलीत? एकटीने वल्हवायची ही होडी फार तर ५२० सेंटिमीटर लांब, वजनाला किमान १२ किलो. वेगासाठी ती इतकी अरुंद असते की नुसतं बसलं तरी डुगडुगते.

माझी लेक त्यात सराव करते. सुरुवातीला रोज पाण्यात पडायची. अंगात लाइफ जॅकेट असे, तरी काठावर माझा जीव खालीवर व्हायचा. मग तिनेच समजावलं, "आई, घाबरून अंग आवळलं की होडी उलटते. कंबर सैल ठेवायची, होडीला डुलू द्यायचं. नजर लांब पुढे. आणि वल्हवणं थांबवायचं नाही, पाण्यात रोवलेलं वल्हंच आधार देतं."

सध्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. औषधं, पथ्य, जागरणं. घर रोज डुगडुगतं. लेकीचं बोलणं आठवून मी सकाळचं ४८ मिनिटांचं सामायिक सोडत नाही. तेवढ्यात मन दहादा त्यांच्या खोलीकडे धावतं. धावू देते, आणि माळेचा पुढचा मणी ओढते.