अर्धापुरातील बटन गुलाब

बटन गुलाबाचे झुडूप वीतभर ते हातभर वाढते. त्याचे फूल दहा रुपयांच्या नाण्याएवढे किंवा त्याहून जरासे मोठे. पण कळीचा निमुळता आकार, पाकळ्यांची गुंफण, पाच-पाच पर्णिकांचे पान, काटा हे सारे अस्सल गुलाबाचे, फक्त मापाने उणे. फूल, पान आणि पेर यांचे प्रमाण एकमेकांशी नेमके जुळलेले असते आणि या झाडाचे खरे देखणेपण तेच. मोठा गुलाब लहान कुंडीत कोंडला म्हणून बटन गुलाब होत नाही. हा ठेंगणेपणा वंशातच असतो. तो आला चिनी गुलाबाच्या एका बुटक्या प्रकारातून. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडच्या एका खेड्यात खिडक्यांतील कुंड्यांमध्ये तो रुले नावाच्या लष्करी डॉक्टरला दिसला आणि कोरव्हॉन या वनस्पतितज्ज्ञाने त्या गुलाबाला रुलेचेच नाव दिले. पुढे हॉलंडमध्ये डे विंक याने आणि कॅलिफोर्नियात राल्फ मूर (१९०७–२००९) याने संकर करून आजच्या जाती घडवल्या. मूर शंभरी ओलांडून जगला आणि जवळजवळ सारे आयुष्य त्याने या लहानग्या गुलाबांना दिले.

थंड मुलखातल्या खिडकीत सापडलेले हे झाड अर्धापुरात रुजते, बहरतेही; मात्र इथली माती, पाणी आणि ऊन ओळखून त्याला वागवावे लागते. अर्धापूर हा केळीचा आणि हळदीचा मुलूख. या पिकांना पोसणारी काळी, चिकण जमीन कुंडीत भरली की मात्र गुलाबाची मुळे गुदमरतात. ओली असताना ती फुगते, हवेच्या वाटा बुजतात. वाळली की आक्रसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि कडेला बोटभर फट पडते. वरून ओतलेले पाणी या फटीतून सरळ तळाच्या छिद्रावाटे वाहून जाते. मधला गड्डा कोरडाच राहतो. बुडाशी पाणी साचलेले दिसते म्हणून झाड तृप्त आहे असा समज होतो आणि तिकडे शेंडे माना टाकतात. म्हणून एक भाग पोयट्याची माती, एक भाग पुरते कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, शिवाय मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. कुंडी आठ ते दहा इंची, मातीचीच बरी. मे महिन्यात गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळे अक्षरशः शिजतात.

बोअरचे पाणी बहुधा क्षाराचे. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरू लागला की ते ओळखावे. अशा पाण्याने मातीचा सामू चढतो, लोह असूनही मुळांना मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडून त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी जास्त खत घालणे हा उपाय नव्हे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावा. पावसाचे पाणी साठवता आले तर त्याहून चांगले काही नाही.

केळीच्या साली मात्र कच्च्या घालू नयेत. मुंग्या आणि माश्या जमतात. साल कुजवून खत झाले की मगच ती झाडाच्या कामी येते. केळीची वाळलेली पाने फाडून बुंध्याभोवती अंथरली तर उन्हाळ्यात ओल टिकते, आणि ती तर या गावात मागाल तितकी मिळतात.

बटन गुलाब घरात ठेवायचे झाड नव्हे. लहान असल्याने तो टेबलावर ठेवावासा वाटतो, पण सावलीत कळ्या गळतात आणि फांद्या लांबट, फिकट होतात. सकाळचे पाच-सहा तास ऊन त्याला हवेच. मार्चअखेरीपासून पत्र्याच्या आणि सिमेंटच्या भिंतीच्या झळेपासून मात्र दूर ठेवून दुपारी हिरव्या जाळीची सावली द्यावी.

याच दिवसांत लाल कोळी येतो. पान वरून धुळकट, फिकट ठिपक्यांचे दिसू लागले की उलटून पाहावे. खालच्या बाजूला बारीक जाळे आणि त्यात सुईच्या टोकाएवढे लालसर जीव सरकताना दिसतात. कोळ्याला कोरडी उष्णता मानवते, ओल मानवत नाही. म्हणून रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारणे हा पहिला उपाय. गंधक फवारायचेच तर संध्याकाळी, कडक उन्हात कधीच नाही, पाने करपतात. पावसाळ्यात काळे ठिपके पडतात. पडलेली पाने वेचून नष्ट करावीत आणि पाणी पानांवर न देता बुंध्याशी द्यावे. हिवाळ्यात पानांवर पांढरी भुरी दिसते.

छाटणीची वेळ दसऱ्यानंतरची, पाऊस उलगडला की. मोठ्या गुलाबासारखी कठोर छाटणी याला नको. वाळक्या, एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढून बाकीचे झुडूप एक तृतीयांशाने कमी करावे, कात्री बाहेरच्या डोळ्यावर तिरकी चालवावी आणि जाड फांदीच्या जखमेला बोर्डो पेस्ट लावावी. साधारण दीड महिन्यात फुले लागतात, म्हणजे बहर नेमका थंडीत येतो. कोमेजलेले फूल पाकळ्या गळेपर्यंत ठेवू नये. पहिल्या पाच पर्णिकांच्या पानापर्यंत कापले की तिथूनच नवा फुटवा निघतो.

बटन गुलाब स्वतःच्या मुळांवर छान वाढतो, त्यामुळे नवे रोप घरीच होते. जुलैत चार बोटे लांबीची, फुलून गेलेली फांदी घेऊन खालची पाने काढावीत आणि ती फांदी ओल्या वाळूत खोचून सावलीत ठेवावी. महिना-दीड महिन्यात मुळे फुटतात. हे रोप दिवाळीनंतर कुंडीत लावले की त्याच थंडीत कळी धरू लागते. या पहिल्या कळ्या खुडून टाकाव्यात. जिवावर येते, पण रोप आधी मुळांनी आणि फांद्यांनी भरलेच पाहिजे.